स्वहस्ते बांधलेले हलके विमान : इंजिन आणि सांगाडा यांची निवड

विमान माणसाला स्वतःच्या हाताने बांधता येते काय, हा प्रश्न आमच्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेत दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत घराच्या गॅरेजमध्ये किंवा शेतावरच्या कोठारात बांधलेली विमाने हजारोंच्या संख्येने उडत आहेत. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या आराखड्यांवरून आणि जुळणी-संचांवरून हौशी मंडळींनी बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर आकाशात गेली आहेत. आपल्या महाराष्ट्रात वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते 2016 मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडण्यात आले होते आणि 2017 मध्ये त्याची नागरी विमान म्हणून नोंदणी झाली.

पण या प्रश्नापाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो : ‘इंजिन कोणते बसवायचे?’ आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज जोडारी, संधाता, कातारी, मोटार यांत्रिक म्हणून काम करीत आहेत. त्यांच्या हातात कसब आहे, आणि जुन्या मोटारीचे चालू स्थितीतील इंजिन त्यांना सहज मिळते. म्हणून विचार इंजिनापासून सुरू होतो आणि त्याभोवती विमान कल्पिले जाते. हा क्रम उलटा का आहे, आणि इंजिन व सांगाडा यांचे नाते नेमके कसे असते, ते येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचा आमचा विचार आहे. सांगाडा म्हणजे पंख, धड, शेपूट, चाके, नियंत्रणे, थोडक्यात इंजिन व प्रोपेलर सोडून उरलेले सगळे विमान.

राईट बंधूंचा क्रम पाहावा. 1900 ते 1902 या तीन वर्षांत त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. ग्लायडर बांधले, वातबोगद्यात छोट्या पंखांचे शेकडो नमुने तपासले, विमान वळवायचे व सावरायचे कसे ते शिकले. पंखाला उचल किती मिळते आणि हवेचा रोध किती होतो, हे आकडे हाती आल्यावर त्यांनी गणित मांडले की आपल्याला सुमारे आठ अश्वशक्ती पुरे. मोटारींच्या इंजिनांच्या कारखानदारांना त्यांनी पत्रे लिहिली, पण इतक्या कमी वजनात इतकी शक्ती देणारे इंजिन कोणाकडे नव्हते. तेव्हा त्यांच्याच सायकल दुकानातील यंत्रकारागीर चार्ली टेलर यांनी सुमारे सहा आठवड्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणाचे चार सिलिंडरचे इंजिन घडवले. त्याने बारा अश्वशक्ती दिली. ही वरची चार अश्वशक्ती मिळाल्यामुळे विमानाचा सांगाडा थोडा मजबूत, म्हणजेच थोडा जड करण्याची मुभा त्यांना मिळाली. 17 डिसेंबर 1903 रोजी ते उडाले, त्यामागे हा हिशोब होता. आधी गरज मोजली, मग इंजिन शोधले.

आपणही एक हिशोब मांडून पाहू. दोन आसनांचे साधे विमान घेऊ. ते संथ उडावे, छोट्या धावपट्टीवर उतरावे, एवढीच अपेक्षा. पूर्ण भरलेल्या विमानाचे वजन 450 किलो असावे असे मनाशी धरू. दोन माणसे प्रत्येकी 80 किलोची, म्हणजे 160. चार तासांचे पेट्रोल, ताशी सुमारे 17 लिटर धरले तर 68 लिटर, म्हणजे जवळपास 50 किलो. थोडे सामान 10 किलो. हे झाले 220. उरले 230 किलो. त्यातून इंजिन, त्याचे तेल-पाणी, प्रोपेलर, बैठक, बॅटरी यांचे 90 किलो वजा केले की संपूर्ण सांगाड्यासाठी, त्यात चाके, आसने, उपकरणे, रंग सगळे धरून, 140 किलो राहतात. दोन माणसांच्या विमानाचा सांगाडा 140 किलोत बसवणे अनुभवी आरेखकालाही जड जाते. हौशी माणसाच्या हातून तर प्रत्येक भाग जरा जाडच होतो : सरस थोडा जास्त, रंगाचा एक हात जास्त, बोल्ट एक नंबर मोठा. विमान पूर्ण झाल्यावर तराजूवर ठेवले की तीस-चाळीस किलो वाढलेले आढळतात, आणि मग ते मागील दाराने पेट्रोलमधून किंवा सहप्रवाशातून कापले जातात. म्हणून वजन सुरुवातीलाच 500 किलो धरावे आणि सांगाडा 500 किलोसाठीच आखावा.

आता पंख. विमान ज्या वेगाखाली उचल गमावते, त्या वेगाला स्टॉल वेग म्हणतात. तो तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वजन, पंखाचे क्षेत्रफळ आणि पंखाचा आकार. साध्या पंखाचा उचल-गुणांक 1.5 धरला, तर 450 किलोचे विमान 12 चौरस मीटर पंखावर ताशी सुमारे 72 किलोमीटरला स्टॉल होते. वजन 500 केले की हाच वेग 76 होतो. तो पुन्हा 72 वर आणायचा तर पंख सव्वातेरा चौरस मीटरचे करावे लागतात. चार किलोमीटरचा फरक क्षुल्लक वाटेल, पण इंजिन बंद पडून विमान शेतात उतरवावे लागले तर जमिनीशी होणाऱ्या आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हलक्या विमानात कमी स्टॉल वेग ही जिवाची हमी आहे. ज्याला वेगाचा फार मोह असेल त्याने आधी हे वाक्य वाचावे.

पंख किती भार सोसणार, हेही येथेच ठरते. सामान्य वर्गाच्या विमानाचा सांगाडा स्वतःच्या वजनाच्या 3.8 पट भार कायमचा वाकू न देता पेलण्यासाठी आखतात, आणि तुटण्याची मर्यादा त्याच्या दीडपट ठेवतात. आपल्या 500 किलोच्या विमानाला याचा अर्थ 1900 किलो आणि 2850 किलो. हे आकडे कागदावर ठेवून चालत नाही. पंख उलटा टांगून त्यावर वाळूच्या पिशव्या रचून तो भार प्रत्यक्ष दाखवण्याची रीत आहे. सिद्ध झालेला आराखडा घेण्याचा मोठा फायदा हाच, की ती वाळू दुसऱ्या कोणी आधीच रचलेली असते.

आता शक्तीचा हिशोब. विमानाचा रोध त्याच्या वजनाच्या नवव्या भागाइतका धरू. ताशी 108 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 30 मीटर वेगाने सरळ उडायला सुमारे साडेसोळा किलोवॅट लागतात. सेकंदाला 3 मीटर चढायचे असेल तर आणखी पावणेपंधरा. चढताना प्रोपेलर इंजिनाच्या शक्तीपैकी 70 टक्केच कामी लावतो असे मानले तर इंजिनाकडून सुमारे 44 किलोवॅट, म्हणजे 60 अश्वशक्ती हवी. हे झाले समुद्रसपाटीवर, 15 अंश तापमानाला. आपला दख्खन तसा नाही. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. मे महिन्यात दुपारी 40 अंश तापमानाला तेथील हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते सुमारे 1500 मीटर उंचीवरचे गाव ठरते. इंजिनाला कमी हवा मिळते, त्याची शक्ती दहा-बारा टक्क्यांनी घटते. पंखाला तीच उचल मिळवण्यासाठी अधिक वेग घ्यावा लागतो, म्हणून धाव लांबते. मग आपल्या 60 चे 70 होतात. 65 अश्वशक्तीचे इंजिन तेथे चढेल, पण सेकंदाला 3 ऐवजी अडीच मीटरच. धावपट्टीच्या टोकाला झाडे असतील तर हा अर्धा मीटर मोलाचा. 80 अश्वशक्तीचे इंजिन येथे योग्य ठरते. युरोपातल्या थंड, सखल धावपट्टीवर समाधानाने उडणारे तेच विमान मराठवाड्यात उन्हाळ्यात का सुस्तावते, याचे कारण एवढेच आहे.

येथे कोणी म्हणेल, मग शंभर किंवा दीडशे अश्वशक्तीचे का बसवू नये? वेगही वाढेल. वेग फारसा वाढत नाही. हवेशी झुंजायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ताशी 160 ऐवजी 180 किलोमीटर जायचे तर 42 टक्के अधिक शक्ती लागते. मोठ्या इंजिनाचे वजन, त्याला लागणारे पेट्रोल, ते पेलणारी बैठक, ती पेलणारे धड, असा वजनाचा फेरा मात्र लगेच सुरू होतो. वेग हवा असेल तर सांगाडा सडपातळ करावा, चाकांवर आवरणे बसवावीत, फटी बुजवाव्यात. शक्ती मुख्यतः चढण्यासाठी लागते.

इंजिनाची शक्ती हवेला द्यायची ती प्रोपेलरमार्फत, आणि मोटारीचे इंजिन येथेच अडते. प्रोपेलरच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला 340 मीटरच्या आसपास गेला की त्याची कार्यक्षमता ढासळते आणि कर्कश आवाज होतो. 1.7 मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला 2700 फेरे घेतो तेव्हा टोकाचा वेग 240 मीटर असतो, तो ठीक आहे. तोच 5000 फेऱ्यांनी फिरवला तर 445 होतो. मोटारीचे छोटे इंजिन आपली पूर्ण शक्ती पाच-सहा हजार फेऱ्यांनाच देते. मग एकतर फेरे कमी करणारी गिअरपेटी किंवा पट्टा मध्ये घालावा लागतो, किंवा प्रोपेलर लहान करावा लागतो. लहान प्रोपेलर कमी वेगाला थोडी हवा फार जोराने मागे फेकतो, त्यात शक्ती वाया जाते. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटल मोटारीचे हवेने थंड होणारे इंजिन जगभरच्या हौशी बांधकामकारांनी प्रोपेलर थेट जोडून वापरले. ते 3400 फेऱ्यांच्या आसपास, 1.4 मीटरपेक्षा लहान प्रोपेलरने चालते. सडपातळ, वेगवान, एक आसनी विमानाला ते शोभते. रुंद, संथ, दोर-काठ्यांच्या विमानाला तेच इंजिन त्याच अश्वशक्तीत अपुरे पडते. म्हणजे अश्वशक्ती सारखी असली तरी इंजिने सारखी नसतात. ही गोष्ट आम्ही वर्गात सायकलच्या पुढच्या-मागच्या दातेरी चकत्यांवरून समजावतो, आणि मुलांना ती मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने हा पेच गिअरपेटी इंजिनातच अंतर्भूत करून सोडवला. तिचे 912 हे चार सिलिंडरचे इंजिन 5800 फेऱ्यांना 80 अश्वशक्ती देते आणि प्रोपेलर मात्र 2550 च्या सुमारास फिरतो. सिलिंडर हवेने व त्यांची डोकी पाण्याने थंड होतात. जुन्या अमेरिकन घराण्यातील कॉन्टिनेन्टल ए-65 हे इंजिन 2300 फेऱ्यांना 65 आणि ओ-200 हे 2750 फेऱ्यांना 100 अश्वशक्ती देते. त्यांना गिअरपेटी नाही, पाणी नाही, मोठे सिलिंडर संथ चालतात. रचना पुराणी, वजन जास्त, पण कोणत्याही चांगल्या यांत्रिकाला उघडून दाखवता येईल इतकी सरळ. ऑस्ट्रेलियाच्या जबिरू कंपनीचे 2200 घनसेंटिमीटरचे इंजिन 3300 फेऱ्यांना 80 च्या वर शक्ती थेट प्रोपेलरला देते आणि वजनाला हलके आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाचाही मोह होतो. ज्यांनी आकुर्डीची जुनी स्कूटर चालवली आहे, पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल घालून घेतले आहे, त्यांना त्याचा हलकेपणा आणि स्वभाव दोन्ही ठाऊक आहेत. रोटॅक्सचे 582 हे टू-स्ट्रोक इंजिन जवळपास 65 अश्वशक्ती देते, आणि ते फोर-स्ट्रोकपेक्षा हलके व स्वस्त आहे. पण ते पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची मुदत 300 तासांची, तर 912 ची हजार तासांच्या पलीकडची. टू-स्ट्रोक गरम झाल्यावर पिस्टन धरतो. स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबवून थंड करता येते, विमान येत नाही. एक आसनी, संथ, मोकळ्या माळावर उडणाऱ्या विमानापुरते ते ठीक. दोन माणसे बसणार असतील तर आम्ही त्याची शिफारस करणार नाही.

मोटारीच्या इंजिनाकडे पुन्हा वळू, कारण प्रश्न तेथूनच आला होता. ते अजिबात चालत नाही असे म्हणणे चुकीचे होईल. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या छोट्या गावी बर्नार्ड पीटनपोल नावाचा स्वयंशिक्षित यांत्रिक होता. फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे इंजिन घेऊन त्याने 1920 च्या दशकाच्या अखेरीस ‘एअर कँपर’ हे दोन आसनी लाकडी विमान उडवले. मोटारीच्या इंजिनावर विमान चालणार नाही असे मत मांडणाऱ्या एका मासिकाच्या संपादकाला त्याने विमाने प्रत्यक्ष उडवत नेऊन दाखवली. पुढे त्याच मासिकाने 1932 मध्ये त्याचे आराखडे छापले, आणि ते विमान आजही बांधले जाते. त्याला यश का आले? फोर्डचे ते इंजिन मोठे, जड आणि संथ होते. कमी फेऱ्यांतच जोर देणारे असल्याने ते मोठा लाकडी प्रोपेलर गिअरपेटीशिवाय फिरवू शकत होते. आणि पीटनपोलने सांगाडा त्या इंजिनासाठीच आखला : डोक्यावर छत्रीसारखा मोठा पंख, कमी वेग, पुढच्या वजनाला तोलणारे धड. रेडिएटर वैमानिकाच्या नजरेआड यावा तसा समोर उभा असे, ती गैरसोय त्याने पत्करली. आजची मोटार-इंजिने नेमकी उलट, लहान व चपळ आहेत. सुझुकीचे एक लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन परदेशी हौशी मंडळींनी फेरे कमी करणारी यंत्रणा लावून वापरले आहे. आपल्याकडे भंगारात सहज मिळणारे मारुती 800 चे इंजिन त्याहून लहान, चाळीस अश्वशक्तीच्या आतले. आपला 70 चा आकडा वाचकांच्या लक्षात असेलच.

शिवाय मोटार सपाट रस्त्यावर आपल्या शक्तीचा लहानसा हिस्सा वापरते. विमान उड्डाणात पूर्ण आणि नंतर तासन् तास 75 टक्के शक्ती मागते. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग व ठिणगीच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, मोटारीला एकच. गिअरपेटी मध्ये आली की क्रँकशाफ्टला पिळाचे कंप बसतात आणि ते काही तासांत दांडा तोडू शकतात. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, कानाला क्वचितच कळतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये स्वहस्ते बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा इंजिन-यंत्रणेतील बिघाड आणि हवेत विमानावरील ताबा सुटणे हीच दोन कारणे सर्वाधिक आढळली. इंजिन-यंत्रणा म्हणजे नुसते इंजिन नव्हे. पेट्रोलची नळी, गाळणी, टाकीचा श्वासछिद्र हेही त्यात आले.

इंजिन आणि सांगाडा यांचे नाते सर्वांत कठोरपणे गुरुत्वमध्यात दिसते. विमान पंखाच्या पुढच्या कडेपासून ठरावीक अंतरातच तोलले पाहिजे. पंखाची रुंदी 1.4 मीटर असेल आणि गुरुत्वमध्य रुंदीच्या 20 ते 30 टक्क्यांच्या दरम्यान राहण्याची अट असेल, तर सगळी मुभा 14 सेंटिमीटरची, म्हणजे वीतभरही नाही. ती मागे ओलांडली की विमान अस्थिर होते आणि स्टॉलमधून सावरत नाही. समजा, आराखडा 100 किलोच्या इंजिनासाठी आहे आणि ते गुरुत्वमध्यापासून 1.2 मीटर पुढे बसते. आपण आधुनिक म्हणून 75 किलोचे इंजिन बसवले. तोल तोच ठेवायचा तर ते 1.6 मीटर पुढे न्यावे लागेल, म्हणजे नाक 40 सेंटिमीटरने लांबेल. लांब नाक आडव्या वाऱ्यात विमानाला फिरवू पाहते, म्हणून शेपटीचा उभा पडदा वाढवावा लागतो. हलके इंजिन बसवून नाकात शिशाची वीट ठेवणारेही आहेत. त्यांनी पैसे खर्चून काय मिळवले, हे आम्हाला उमगलेले नाही.

या बाबतीत दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. बर्ट रुटान यांनी 1975 मध्ये ‘व्हेरीईझ’ हे काचतंतू व फोमचे विमान फोक्सवॅगनच्या इंजिनावर उडवले. लोकांसाठी आराखडे काढताना त्यांनी कॉन्टिनेन्टल ओ-200 निवडले, आणि त्यासाठी सारे विमान नव्याने मोठे करून आखले. नंतर लायकमिंगचे अधिक जड ओ-235 वापरण्यासाठी मोठ्या पंखांचे ‘लाँग-ईझ’ हे वेगळेच विमान तयार केले. इंजिन बदलले की विमान बदलते, हे त्यांनी मानले. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने काचतंतूच्या बांधणीचा अनुभव ‘लाँग-ईझ’वर आधारित विमान बांधून घेतला, आणि पुढे ‘हंस’ हे प्रशिक्षण विमान केले. ‘हंस-3’ मध्ये टर्बो जोडलेले रोटॅक्स 914 आहे, जे विरळ हवेतही आपली शक्ती टिकवते.

दुसरे उदाहरण जिम बीडी यांच्या ‘बीडी-5’चे. 1970 च्या दशकाच्या आरंभी या चिमुकल्या, देखण्या विमानाने अमेरिकेला वेड लावले. पाच हजारांहून अधिक जुळणी-संच विकले गेले. सांगाड्याचे भाग घरोघरी पोचले, इंजिन पोचले नाही. ज्या जर्मन टू-स्ट्रोक इंजिनावर सारी भिस्त होती ते बनवणारी कंपनीच बुडाली, आणि 1979 मध्ये बीडी यांचा धंदाही दिवाळखोरीत गेला. लोकांनी मग मिळतील ती मोटारींची आणि इतर जड इंजिने त्या अरुंद धडात बसवली. वजन वाढले, तोल बिघडला, प्रोपेलरपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याला कंप बसले. त्यातील काही विमाने प्राणघातक ठरली, बहुतेक कधी उडालीच नाहीत. विमान ज्या इंजिनासाठी आखले ते इंजिन आज बाजारात मिळते काय, त्याचे सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारायला हवे.

सांगाड्याच्या निवडीत सिद्धता पाहावी, नवलाई नव्हे. फ्रान्सच्या आँरी मिन्ये यांचे ‘पू-द्यू-स्येल’, म्हणजे आकाशातील उवा, हे विमान 1930 च्या दशकात असेच घरोघरी बांधले गेले. सुतारकाम येणाऱ्या कोणालाही ते बांधता येई, त्यामुळे सामान्य माणसाचे विमान म्हणून त्याचा गौरव झाला. मग एकामागून एक विमाने नाकावर कोसळू लागली. वातबोगद्यात तपासल्यावर कळले की तीव्र उतारात पुढच्या व मागच्या पंखांमधील हवेचा प्रवाह विमानाला सूर मारण्याच्या स्थितीत अडकवून ठेवतो, मग दांडा कितीही ओढला तरी नाक वर येत नाही. 1936 पासून त्याच्यावर बंदी आली. बांधणारे कुशल होते, बांधकाम पक्के होते, आराखडाच सदोष होता.

सामग्रीविषयी थोडेसे. लाकूड हलके, कंपांना शांतवणारे, साध्या हत्यारांनी घडणारे. पण कोकणच्या पावसाळ्यात सरसाचे सांधे व बंद पोकळ्या जपाव्या लागतात. पोलादी नळ्यांच्या धडावर कापड ताणलेला सांगाडा आम्हाला आपल्या परिस्थितीत विशेष योग्य वाटतो. संधात्याचे काम आपल्याकडे उत्तम होते, नळीतील तडा डोळ्यांना दिसतो, अपघातात नळ्यांचा पिंजरा माणसाला वाचवतो. कापडाचे शत्रू ऊन आणि उंदीर. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने जोडण्याचे काम नेटके व शिकण्यास सोपे, समुद्रकाठी गंज सांभाळावा लागतो. काचतंतू सर्वांत गुळगुळीत, परंतु त्यातील राळ उन्हात तापून मऊ पडते, म्हणून अशी विमाने पांढरीच रंगवतात. विदर्भाच्या उन्हात गडद निळे काचतंतूचे विमान उभे करणे धोक्याचे.

पेट्रोलचाही विचार हवा. आज आपल्या पंपांवरील पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते, जुन्या रबरी नळ्या फुगवते, काही काचतंतू टाक्यांची राळ विरघळवते. रोटॅक्स 912 ला 10 टक्क्यांपर्यंतचे मिश्रण चालते. जुन्या अमेरिकन इंजिनांना विमानाचेच पेट्रोल घालणे बरे. तसेच दमट हवेत कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ जमतो, आणि हे बाहेर 20 अंश तापमान असतानाही घडते. ज्यांना हे खोटे वाटते त्यांनी फवारा मारून रिकामा होत जाणारा डबा हातात धरून पाहावा. म्हणून कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची सोय असावी.

भारतीय परंपरेतील एक चांगला नमुना आमच्या नजरेसमोर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णू माधव घाटगे हे जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्याकडे शिकले आणि बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी ‘एचटी-2’ हे प्रशिक्षण विमान आखले, जे 1951 मध्ये उडाले. त्याच कारखान्यातून 1958 मध्ये ‘पुष्पक’ हे फ्लाइंग क्लबांचे दोन आसनी विमान उडाले : वर पंख, कापडाचे आच्छादन आणि 90 अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल इंजिन. त्यात नवीन काही नव्हते, आणि तेच त्याचे बळ होते. कित्येक भारतीय वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले.

आम्हाला आज निवड करायची झाली तर वर पंख असलेला, पोलादी नळ्यांचा वा पत्र्याचा, अनेकांनी बांधून उडवलेला दोन आसनी आराखडा घेऊ आणि त्याच्या आरेखकाने सांगितलेलेच 80 ते 100 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवू. इंजिनावर एकूण खर्चाचा मोठा भाग जाईल. तो वाचवण्यासाठी वापरलेले इंजिन घेतले तर त्याचे तासनोंदीचे पुस्तक सोबत असल्याशिवाय घेऊ नये. आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नोंदणीविना व परवान्याविना विमान उडवता येत नाही, त्यामुळे पहिली कात्री चालवण्यापूर्वी त्या कार्यालयाशी पत्रव्यवहार सुरू करावा. पालकांनी विशेषतः हे ध्यानात घ्यावे.

बांधणी संपल्यावर पहिले उड्डाण नव्हे, पेट्रोलची चाचणी असते. विमानाचे नाक चढाच्या कोनापेक्षा थोडे अधिक वर करून बांधावे, टाकीत अगदी थोडे पेट्रोल ठेवावे, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून मोजपात्रात धार धरावी आणि घड्याळ लावावे. टाकी वर असून पेट्रोल आपोआप उतरत असेल तर पूर्ण शक्तीला लागते त्याच्या दीडपट, आणि पंप असेल तर सव्वापट धार मिळालीच पाहिजे. त्यानंतर जमिनीवर बांधून इंजिन चालवणे, मग धावपट्टीवर धावणे, मग एकट्या वैमानिकाने उडणे. अमेरिकेत इंजिन व प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर साधारणपणे 25 तास आणि नसेल तर 40 तास चाचणी उड्डाणे वस्तीपासून दूर करावी लागतात. तोवर दुसऱ्या आसनावर प्रवासी बसवता येत नाही.